वन्यप्राण्यांच्या रोगांवर संशोधन करायचे तर एमबीबीएस की पशुवैद्यक?

सस्नेह नमस्कार.

नागपूरजवळच्या गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले, तेव्हापासून बारावीत शिकणाऱ्या आपल्या मुलीने वन्यप्राण्यांच्या रोगांवर संशोधन करण्याचे मनावर घेतले आहे, असे आपण लिहिता. नीटमध्ये चांगले गुण मिळाले तरी एमबीबीएस सोडून पशुवैद्यकाकडे जाणे शहाणपणाचे ठरेल का, हा आपला प्रश्न आहे.

ठरेल, मात्र वाघाची आवड तेवढ्यासाठी पुरेशी नाही. रोग एका प्राण्यातून दुसऱ्यात कसा शिरतो, हे शोधण्याची ओढ तिला हवी. खाणी, रस्ते आणि शेती यांमुळे जंगलाचे तुकडे पडत गेले, की गुरे, गावातली कुत्री आणि वन्यप्राणी एकाच पाणवठ्यावर येऊ लागतात. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह मेले, तेव्हा त्यांच्यातील काहींमध्ये कॅनाइन डिस्टेंपरचा, म्हणजे मुख्यतः कुत्र्यांमध्ये आढळणाऱ्या रोगाचा विषाणू सापडला. म्हणूनच या क्षेत्रातल्या अभ्यासकाचा बराचसा वेळ गोठ्यांत, कुत्र्यांच्या लसीकरणात आणि प्रयोगशाळेत जातो. गिधाडे झपाट्याने का घटली, याचे उत्तरही मेलेल्या गिधाडांच्या मूत्रपिंडांत आणि त्यांनी खाल्लेल्या गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकात सापडले, आणि त्यामुळेच २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर भारतात बंदी आली.

कामाचे स्वरूपही तिला आधीच माहीत असावे. विदर्भाच्या मे महिन्यात जंगलात सापडलेला मृतदेह काही तासांतच सडू लागतो. अशा वेळी दुर्गंधी सहन करत शवविच्छेदन करायचे, अवयवांचे लहान तुकडे सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीसाठी फॉर्मेलिनमध्ये ठेवायचे आणि विषाणूच्या तपासणीचे नमुने वेगळे काढून बर्फात ठेवायचे असतात. ही सगळी दक्षता घेतल्यावर ते भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी वेळेत पोहोचले, तरच निदान हाती लागते. मला हे काम फार मोलाचे वाटते.

नागपूरकरांची एक सोय अशी, की पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय शहरातच आहे. पदवीचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो आणि इंटर्नशिपसह अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असतो. पुढे पदव्युत्तर शिक्षणात वन्यजीव, विकृतिशास्त्र (पॅथॉलॉजी) किंवा सूक्ष्मजीवशास्त्र निवडता येते. डिसेंबर २०२२ मध्ये नागपुरातच राष्ट्रीय ‘वन हेल्थ’ (एक आरोग्य) संस्थेची पायाभरणी झाली; माणूस, जनावरे आणि पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्रित विचार हाच तिचा विषय आहे. एमबीबीएसनंतरही सूक्ष्मजीवशास्त्रातून या क्षेत्रात येता येते, पण प्राण्यांना प्रत्यक्ष हाताळण्याचे शिक्षण तिथे मिळत नाही. रोगापेक्षा अधिवासाचाच प्रश्न तिला अधिक भावत असेल, तर बी.एस्सी. करून देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतील किंवा बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील (एनसीबीएस) एम.एस्सी.चा विचार करावा.

नोकरीची आपली काळजी रास्त आहे. केवळ वन्यप्राण्यांसाठीच्या जागा थोड्या आहेत आणि त्यांतल्या काही कंत्राटी असतात. मात्र पशुवैद्यकाची पदवी हातात असली, की पशुधन विकास अधिकारी, अध्यापन, लस किंवा औषध उद्योग आणि स्वतःचा दवाखाना हे मार्ग खुले राहतात. म्हणून संशोधनात स्थिरावण्यास काही वर्षे लागली तरी तिचे अडणार नाही.

नीटची परीक्षा आटोपल्यावर तिला जवळच्या गावातील पशुवैद्यकीय दवाखान्यात, डॉक्टरांच्या परवानगीने, आठवडाभर बसू द्यावे. जखमेत किडे पडलेली गाय आणि अडलेली म्हैस पाहूनही तिचा निर्धार कायम राहिला, तर पसंतीक्रम भरताना पशुवैद्यकीय महाविद्यालय निःशंकपणे पहिले लिहावे.