चुकवलेले तीन रविवार

पत्र: "आक्का, मी ३८ वर्षांची, कोल्हापुरात शिलाईकाम करते. सात वर्षांपूर्वी र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे एक प्रकारचा संधिवात, निघाला. तेव्हा स्वतःच्या ब्लाउजचं हुकसुद्धा लावता येत नव्हतं. गेली चार वर्षं एकही सांधा सुजला नाही, डॉक्टर 'रेमिशन' म्हणतात, म्हणजे आजार शांत आहे. दर रविवारी रात्री त्यावरच्या मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या घेते आणि सोमवार मळमळण्यात जातो. सासूबाई म्हणतात, 'बरी झालीस की, आता कशाला विष खातीस?' त्यांनी गावाकडनं एक पुडी आणलीय. कुणालाच न सांगता मी तीन रविवार गोळ्या चुकवल्या. काहीच झालं नाही! मग बंदच करू का? – सुई-दोरा"

सुई-दोरा,

तुझ्या त्या 'काहीच झालं नाही!'पाशी मी जरा थांबले. आनंद आहे त्यात, पण पोटात गोळाही आहे. नसता, तर मला कशाला लिहिलं असतंस?

बाई गं, तीन आठवड्यांत काही कळत नाही. ही काही डोकेदुखीची गोळी नव्हे. मेथोट्रेक्सेट सुरू केल्यावर गुण यायला सहा ते बारा आठवडे जातात. सुरुवातीला तूही वाट बघत बसली असशील. त्याचा असर ओसरतोही हळूहळूच. आज सुईत दोरा ओवतेस तो बहुतेक मागच्या रविवारांच्या शिलकीवर.

पावसाळ्यात आपण सगळे एकमेकांना काय विचारतो? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती? ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. पातळी ३९ च्या खाली आली की जीव भांड्यात पडतो, पण म्हणून पंचगंगा आटली असं कुणी म्हणत नाही. रेमिशन तसंच समज. शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उठते, हा या आजाराचा मूळ खोडसाळपणा, आणि तो गेलेला नाही, दबलेला आहे. डॉक्टर एकेक सांधा दाबून बघतात, रक्तातली सूज मोजतात, 'तुला कसं वाटतंय' विचारतात, ते पातळी बघणंच असतं.

आता सासूबाईंचं. त्यांचा प्रश्न वेडगळ नाही, हे आधी सांगते. नॉर्वेत एक अभ्यास झाला, २०२१ साली प्रसिद्ध झाला. वर्षभर तरी रेमिशनमध्ये असलेल्या रुग्णांतल्या काहींच्या गोळ्या तशाच ठेवल्या, काहींची मात्रा निम्मी केली. वर्षभरात पूर्ण मात्रेवाल्यांपैकी ६ टक्क्यांचं दुखणं उलटलं, निम्म्यावाल्यांपैकी २५ टक्क्यांचं. म्हणजे निम्म्या मात्रेवर चारातले तीन ठीक राहिले. चौथी बाई तू असशील की नाही, हे मात्र आधी कुणालाच सांगता येत नाही. शिवाय तिथं मात्रा निम्मी केली होती, शून्य नव्हे, आणि तीही डॉक्टरांच्या नजरेखाली. आजार उलटला तर गोळी पुन्हा सुरू करता येते, पण तोवर सांध्याची झालेली झीज भरून येत नाही. आणि तुझं तर पोटच बोटांवर आहे.

तेव्हा 'कमी करता येईल का' हे जरूर विचार. बंद मात्र परस्पर करायचं नाही.

'विष' हा शब्द त्यांनी हवेतून काढलेला नाही. हेच औषध मोठ्या मात्रेत कॅन्सरला देतात. तुझी मात्रा त्यामानाने अगदी लहान, तीही आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतली तर मात्र खरंच जिवावर बेतू शकतं. तुझं लिव्हर आणि रक्तपेशी ठीक आहेत ना, हे बघायलाच ठराविक दिवसांनी रक्त तपासतात. ते कंटाळून टाळू नकोस.

पुडीवर माझा राग आहे, सासूबाईंवर नाही. हुक न लागणारी सून त्यांनी डोळ्यांनी बघितलीय. पण सांधेदुखीच्या अशा बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. दोन दिवसांत घोड्यासारखं पळवतं, मागाहून साखर वाढवतं, हाडं पोखरतं.

राहिला सोमवार. मळमळीवर उपाय असतात: फॉलिक ॲसिड (सोबत देतात ती व्हिटॅमिनची गोळी) नीट चालू आहे का, मात्रा त्याच दिवसात विभागून घेता येईल का, गोळीऐवजी इंजेक्शन चालेल का. वार बदलून हवा असेल तर तेही विचार, म्हणजे गिऱ्हाइकाच्या घाईचा दिवस वाचेल. (आणि रविवारी तांबडा रस्सा वाटीवर वाटी ओरपून वर गोळी घेत असशील, तर सगळा दोष गोळीला देऊ नकोस.) अजून मूल हवं असेल तर ते पहिल्यांदा सांग. या औषधावर असताना गर्भ राहू द्यायचा नसतो, आधीच नियोजन करावं लागतं.

उद्याच दवाखान्यात फोन कर. 'तीन आठवडे घेतल्या नाहीत' एवढं एक वाक्य. ओरडतील म्हणून घाबरू नकोस, असे रुग्ण त्यांनी पुष्कळ बघितलेत. हे लपवलंस तर पुढच्या तपासणीचे आकडे ते चुकीचे वाचतील. पुन्हा कशी सुरू करायची तेच सांगतील. राहिलेल्या तीन मात्रा एकदम भरून काढायला जाऊ नकोस.

तपासणीला जाशील तेव्हा सासूबाईंना घेऊन जा. 'विष कशाला' हे त्यांनाच डॉक्टरांना विचारू दे, तू मध्ये बोलू नकोस. ती पुडीही पिशवीत टाक.

– आक्का