महिनाअखेरीचा हप्ता आणि रॅकेटबॉलची आंतरराष्ट्रीय स्पर्धा

घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. त्यांची मुलगी अकरावी सायन्सला आहे, सोबत जेईईचा क्लास. सहावीपासून ती सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये स्क्वॉश खेळते आणि जिल्हा पातळीपर्यंत खेळून आली आहे. आता तिचे कोच म्हणतात की स्क्वॉशमध्ये गर्दी फार, रॅकेटबॉल (स्क्वॉशसारखाच, बंद कोर्टवर भिंतीला चेंडू मारत खेळायचा खेळ) खेळणाऱ्या मुली आपल्याकडे नाहीतच. तिला थेट भारताच्या संघातून परदेशातल्या आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेला नेतो. खर्च सव्वातीन लाख, पहिला हप्ता महिनाअखेरीला. वडील विचारतात, 'याचा स्पोर्ट्स कोट्यातून इंजिनीअरिंगला फायदा होईल का? तयारीसाठी एक वर्षाचा गॅप घेतला तर चालेल का?'

सप्रेम नमस्कार,

हप्ता भरायची घाई करू नका. रॅकेटबॉल हा खेळ खोटा आहे असं मी मुळीच म्हणत नाही. 1950 मध्ये अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात जो सोबेक यांनी तो सुरू केला. त्याची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिला ऑलिम्पिक समितीची मान्यता आहे, 1981 पासून जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होतात, आणि 1995 मध्ये हा खेळ पॅन अमेरिकन स्पर्धांमध्येही आला. मेक्सिकोची पाओला लोंगोरिया वर्षानुवर्षं त्यात अव्वल राहिली. पण याच यादीत तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे: या खेळाची ताकद अमेरिका, मेक्सिको, बोलिव्हिया अशा देशांत आहे. तिथली मुलं लहानपणापासून त्याच कोर्टवर वाढतात.

आता कोर्टाचंच बघा, कारण मला सगळ्यात जास्त खटकलं ते इथेच. तुमची मुलगी ज्या क्लबहाऊसमध्ये खेळते ते स्क्वॉशचं कोर्ट, 32 फूट लांब आणि 21 फूट रुंद. समोरच्या भिंतीच्या तळाशी 19 इंच उंचीची टिनची पट्टी असते, चेंडू तिला लागला की पॉइंट गेला. रॅकेटबॉलचं कोर्ट 40 फूट लांब, 20 फूट रुंद, 20 फूट उंच, आणि तिथे टिन नसतेच. उलट चेंडू समोरच्या भिंतीच्या अगदी तळाशी मारायचा, म्हणजे तो उसळत नाही, जमिनीवरून नुसता घरंगळत परत येतो. पॉइंट जिंकून देणारा फटका तो! शिवाय छतसुद्धा खेळात धरलेलं. अडचणीत सापडलेला खेळाडू चेंडू छतावर मारून समोरच्याला मागच्या भिंतीपर्यंत पळवतो. स्क्वॉशमध्ये छताला लागलेला चेंडू बाद. म्हणजे तुमच्या क्लबहाऊसमध्ये या खेळाचा मुख्य हल्ला आणि मुख्य बचाव, दोन्हींचा सराव करता येत नाही. मग मुलीची तयारी कोणत्या कोर्टवर होणार, हे कोचना विचारा. याचं नीट उत्तर मिळालं नाही, तर सव्वातीन लाख खेळासाठी जाणार नाहीत. विमानाचं तिकीट, हॉटेल आणि भारताच्या नावाचा टी-शर्ट यांसाठी जातील.

कोचना आणखी काही गोष्टी लेखी मागा. निवड चाचणी कधी, कुठे झाली आणि तिला किती मुली होत्या? संघ कोणती संघटना पाठवते आणि केंद्रीय क्रीडा मंत्रालयाच्या मान्यताप्राप्त संघटनांच्या यादीत तिचं नाव आहे का? ही स्पर्धा आंतरराष्ट्रीय महासंघाच्या वेळापत्रकात आहे का? त्यानंतर ठाण्याच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात स्वतः जाऊन हेच विचारा. चाचणीच झाली नसेल, तर 'भारताच्या संघात निवड' हे शब्द तुमच्या मुलीसाठी वापरू देऊ नका. ती मेहनती मुलगी आहे, खोट्या बिरुदाचं ओझं तिला कशाला?

कोट्याचं थोडक्यात सांगतो. राज्यातल्या इंजिनीअरिंगची यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते. परदेशात भाग घेतल्याच्या सर्टिफिकेटने त्यातला नंबर वर सरकत नाही. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के समांतर आरक्षण आहे, पण तिथे खेळ कोणता, स्पर्धा कोणी भरवली, क्रमांक कितवा, हे तपासलं जातं. बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं उघडकीला आल्यापासून पडताळणी कडक झाली आहे. आयआयटी मद्रासने मात्र 2024 पासून खेळाडूंसाठी वेगळ्या जागा ठेवल्या आहेत. त्यासाठी जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या यादीत यावं लागतं आणि गेल्या चार वर्षांत राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पदक लागतं. त्यांच्या खेळांच्या यादीत स्क्वॉश आहे, रॅकेटबॉल नाही.

म्हणजे जो खेळ 'गर्दी आहे' म्हणून सोडायला सांगताहेत, दार त्याच खेळासाठी उघडं आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये आपल्या मुंबईत ऑलिम्पिक समितीचं अधिवेशन भरलं आणि तिथेच 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी स्क्वॉशला पहिल्यांदा जागा मिळाली. गर्दी वाढणारच. पण गर्दी असते म्हणूनच तिथे रँकिंग असतं, वयोगट असतात, अंडर-17, अंडर-19 च्या स्पर्धा असतात आणि आपण नेमके कुठे आहोत ते कळतं. भारताची स्क्वॉशपटू अनाहत सिंग 14 व्या वर्षी राष्ट्रकुल स्पर्धेत खेळली. तुमची मुलगी अनाहत होईल असं मी म्हणत नाही, जिल्ह्यातून राज्यापर्यंतचा पल्लाही मोठा असतो. पण त्या वाटेवर हरलेली मॅचसुद्धा तिला काहीतरी शिकवेल.

गॅपचा विचार तर डोक्यातून काढूनच टाका. अशा स्पर्धा काही दिवसांत आटोपतात, त्यांच्यासाठी अख्खं वर्ष सोडायचं कारण नाही. अकरावी-बारावीत आठवड्यातून चार दिवस सकाळी तास-दीड तास कोर्टवर आणि सुट्टीत एक-दोन रँकिंग स्पर्धा, एवढं अभ्यास सांभाळून जमतं. क्लासवाले कुरकुर करतील, करू द्या.

आणखी एक, मनापासून. तुमच्या दोन पानी पत्रात कोच काय म्हणतात ते आहे, काका काय म्हणतात ते आहे, मुलगी काय म्हणते याची एक ओळ नाही. तिला रॅकेटबॉल खरंच आवडला आहे का, की स्क्वॉशमध्ये हरायचा कंटाळा आलाय, की खेळच नकोसा झालाय? तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत आणि तिसरं असेल तर तेही ऐकून घ्या. तिला रॅकेटबॉलच आवडला असेल तर तिने तो जरूर खेळावा, त्यासाठी खरं कोर्ट शोधा, पण कोट्याचा हिशेब त्यात आणू नका. महिनाअखेरीच्या आत तिच्याशी बोला, कोचची लेखी उत्तरं हातात घ्या आणि दोन्ही मला कळवा. तोवर चेक फाडू नका.