मित्राला जामीन राहू का?

प्रश्न : ताई, मी हर्णैचा, वय 23. फिटर आहे, लोट्याला ठेकेदाराकडे. हातात साडेचौदा हजार येतात, तेही काम असेल तोवर. शाळेपासून आम्ही तिघे. एक नवी मुंबईत पार्सलं पोचवतो. दुसरा दहावीनंतर सात वर्षं खलाशी आहे. त्याला आता स्वतःची जुनी फायबर होडी घ्यायचीय. चार लाखांची, त्यातलं तीन लाख कर्ज. बँकेला पगारदार जामीन हवा आणि पगाराची स्लिप फक्त माझ्याकडे. वडील इस्पितळात होते तेव्हा हा अकरा रात्री एसटीने पेज घेऊन यायचा. आई म्हणते, सही केलीस तर स्वतःचं लग्न विसर. नाही कसं म्हणू?

उत्तर : बाळा, त्या अकरा रात्री वाचून मी थोडा वेळ पत्र बाजूला ठेवलं. तरीही सांगते, सही करू नकोस.

मी तीस वर्षं बँकेत कर्जाच्या टेबलावर काढली. जामीन म्हणजे ओळख पटवणारा साक्षीदार, असं तुमच्या वयाच्या मुलांना वाटतं. 1872च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँक थेट तुझ्याकडे येऊ शकते. एका पावसात एक मुलगा नोटीस प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माझ्यासमोर बसला होता. कर्ज मित्राचं होतं. तो मित्र बाहेर पायरीवरच उभा राहिला, आत आला नाही. त्या दोघांचं पुढे बोलणं राहिलं नाही.

आता हिशेब. तीन लाख, पाच वर्षं, अकरा टक्के धरले तर हप्ता साडेसहा हजार. तो तुझ्यावर आला तर तुला आठ हजार उरतात. आणि 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, हप्ता मात्र चालूच. म्हणजे तेरा हजार आधीच बाजूला हवेत. दहा महिने दरमहा तेराशे. हे त्याने मांडलंय का, विचार. हप्ते हंगामाप्रमाणे बांधून मिळतील का, हे त्याने अर्ज देतानाच बँकेला विचारावं. विमा सोडू नये. 2020च्या निसर्ग वादळाने दापोलीकडे काय केलं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

जामीन म्हणून त्याने आपल्या बोटमालकाला विचारावं. सात वर्षं त्याची मेहनत त्या माणसाने पाहिलीय. तो नाही म्हणाला तर का म्हणाला, हे तुम्ही दोघांनी जाऊन नीट ऐकून घ्या.

तू तुला झेपतील तेवढे पैसे दे, पंधरा हजार म्हण, आणि परत येतील असं धरू नकोस. शिवाय तू फिटर आहेस. होडी घेण्याआधी इंजिन उघडून बघायला तूच जा.

नकार फोनवर देऊ नकोस. रविवारी हर्णैला जा, माशांचा लिलाव आटपला की वाळूत त्याच्या शेजारी बस आणि हा कागद त्याला वाचून दाखव.