कमी मात्रेचे इंजेक्शन आणि त्यामागचा पुरावा

चाळीसगावच्या ताईंनी विचारले आहे की, सासऱ्यांचा गालाचा कर्करोग उपचारानंतर पुन्हा उलटला असून डॉक्टरांनी निवोलुमॅब (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारे इंजेक्शन) सुचवले आहे, तेही एका वेळच्या नेहमीच्या मात्रेच्या बाराव्या हिश्श्याइतके. मग हा आपल्यावर प्रयोग तर नव्हे?

ताई, शंका रास्त आहे, पण या मात्रेमागे आपल्याच रुग्णांवरचा पुरावा आहे. पूर्ण मात्रेने आयुष्य वाढते हे २०१६ सालीच दिसले होते. तो खर्च मात्र आपल्याकडच्या बहुतेक घरांना पेलणारा नव्हता. म्हणून मुंबईच्या टाटा मेमोरियलमधील डॉक्टरांनी तोंडाने घ्यायच्या तीन स्वस्त औषधांना दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम निवोलुमॅबची जोड देऊन पाहिली. २०२२ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. मात्र तुलना त्या तीन गोळ्यांशी होती, पूर्ण मात्रेशी नव्हे. त्यामुळे कमी मात्रा पूर्ण मात्रेइतकीच गुणकारी आहे, असे त्यावरून कोणी सांगत असेल तर ते मान्य करू नये.

जळगावात औषधांच्या दुकानात बसताना मी पाहतो की, केळीचे किंवा कापसाचे पैसे हाती आलेले कुटुंब ‘नवीन आहे, म्हणजे चांगलेच असेल’ असे म्हणत चिठ्ठी पुढे करते. मला याची फार काळजी वाटते. बेव्हॅसिझुमॅब या कर्करोगाच्या औषधाला अमेरिकेत २००८ साली पसरलेल्या स्तनकर्करोगासाठी तातडीची मंजुरी मिळाली, कारण गाठ पुन्हा वाढू लागेपर्यंतचा काळ लांबला होता; पुढच्या चाचण्यांत आयुष्य वाढल्याचे दिसले नाही, रक्तदाब आणि रक्तस्रावाचे धोके मात्र दिसले, आणि २०११ साली ती मंजुरी काढून घेण्यात आली. याउलट ट्रास्टुझुमॅब हे स्तनकर्करोगाचेच दुसरे औषध शस्त्रक्रियेनंतर दिल्यास आजार उलटण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर येते, हे २००५ साली जाहीर होताच अनेक डॉक्टरांनी त्या उपयोगाच्या मंजुरीची वाट न पाहता ते सुरू केले, आणि माझ्या मते ते योग्यच होते. ते औषध कोणाला लागू पडणार हे गाठीत हर-टू नावाचे प्रथिन जास्त आहे का, हे पाहणाऱ्या तपासणीवरून आधीच कळत होते, हेही तितकेच महत्त्वाचे.

तेव्हा डॉक्टरांना स्पष्ट विचारा: चाचणीतल्या त्या तीन गोळ्या बाबांनाही देणार आहात का, आणि त्यांची आजची प्रकृती चाचणीत घेतलेल्या रुग्णांसारखी आहे का? इंजेक्शन मुंबईला घेऊन गाडीने घरी परतणार असाल, तर औषधाच्या दुष्परिणामाने सतत जुलाब होऊ लागल्यास किंवा दम लागू लागल्यास चाळीसगावात वा धुळ्यात कोणाला दाखवायचे, हे पहिल्या इंजेक्शनआधीच त्यांच्याकडून फाइलवर लिहून घ्या.