नेट यारोझे पहिल्यांदा सुरू करताना

नेट यारोझे म्हणजे घरबसल्या स्वतःचे गेम लिहिता यावेत म्हणून सोनीने काढलेला प्लेस्टेशनचा संच. त्यातलं काळं प्लेस्टेशन हाती आलं म्हणजे काम झालं असं नाही, मित्रा. १९९६-९७ चा संच आहे, आधी खोका नीट उपस. ॲक्सेस कार्ड आहे ना? मेमरी कार्डाच्या खाचेत बसणारं ते चिमुकलं कार्ड नसेल, तर बूट डिस्क, म्हणजे संच सुरू करणारी सीडी, पुढे सरकत नाही. मी एकदा कार्डाविना संच घेऊन बसलो. वर्षभर नुसता शोभेला.

यंत्र जपानी असेल तर ते १०० व्होल्टचं. आपल्या २३० च्या सॉकेटला थेट लावू नकोस, आधी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आण.

खरी डोकेदुखी पीसी आणि प्लेस्टेशन जोडणाऱ्या सिरियल केबलची. तू लिहिलेला गेम पीसीवरून प्लेस्टेशनवर चढवणारा सायोकॉन्स हा डॉसचा प्रोग्रॅम सिरियल पोर्टशी थेट बोलतो, यूएसबी अडॅप्टरला दाद देत नाही. खरा सिरियल (कॉम) पोर्ट असलेला जुना पीसी मिळव. वेग सेकंदाला ११५२०० बिट ठेवलास तरी एक मेगाबाइट चढायला दीडेक मिनिट लागतं. अडकलं समजून रीसेट दाबू नकोस. (मी दाबायचो.)

प्लेस्टेशनची मुख्य मेमरी २ मेगाबाइट, त्यातली काही सोनीच्या लायब्ररीच (तयार कोडचे संच) खातात. पहिल्याच दिवशी गेम नको. पॅडने पडद्यावर एक चौकोन हलव, मग पुढचं बोलू.