बर्फातली गाडी: आधी टायर, मग ड्राइव्ह

वाचकांचे प्रश्न आणि त्यांना माझी उत्तरं.

मिसिसागाला यंदा ऑल-व्हील ड्राइव्ह एसयूव्ही घेतली. विक्रेता म्हणाला, चारही चाकांना ताकद मिळते, ऑल-सीझन टायर पुरतील. हिवाळी टायरचा वेगळा सेट घ्यावा का?

घ्या. ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी हलवायला मदत करते, थांबवायला नाही. इंजिनाची ताकद दोन चाकांना जावो की चार, ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतातच. म्हणजे लाल सिग्नलपाशी तुमची एसयूव्ही आणि शेजारची साधी सेडान यांची गत सारखीच. उलट तुमची गाडी जड. त्यात एक धोका असा, की गाडी बर्फातून अलगद सुटते, म्हणून रस्ता बरा आहे असं वाटतं. वेग वाढतो, आणि खरा रस्ता पहिल्या ब्रेकला कळतो. माझ्या पहिल्या बर्फाळ हिवाळ्यात उतारावरच्या स्टॉपच्या पाटीपाशी मी ब्रेक दाबला, पायाखाली एबीएसची (चाकं जखडू न देणाऱ्या ब्रेक यंत्रणेची) थरथर जाणवत राहिली आणि गाडी अर्ध्या चौकात जाऊन थांबली. समोरून कुणी आलं नाही एवढंच. टायर ऑल-सीझन होते, झिजलेलेही नव्हते.

कारण रबरात आहे. साधारण 7 अंश सेल्सिअसच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक व्हायला लागतं, ऑल-सीझनचंही थंडी वाढेल तसं होतं. उणे 15 च्या सकाळी गॅरेजबाहेर ठेवलेल्या दोन्ही टायरच्या नक्षीवर अंगठा दाबून बघा. ऑल-सीझनचा ठोकळा हलत नाही, हिवाळी टायरचा अजून दबतो. त्या ठोकळ्यांवर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा असतात. त्यांत बर्फ अडकतो, आणि बर्फाला बर्फ रबरापेक्षा चांगला धरतो. टायर घेताना तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेली खूण बघा. नुसतं ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असणं पुरेसं नाही. 2016 पासून तुमच्या ओंटारिओ प्रांतात हिवाळी टायरवर विमा कंपन्यांना सवलत द्यावी लागते, तीही मागून घ्या.

मी मॉन्ट्रियलला शिकते. जुनी कोरोला आहे, बजेट कमी. पुढची चाकंच गाडी ओढतात, तर पुढे दोनच हिवाळी टायर लावले तर चालेल का?

नाही, आणि याबाबतीत मी अजिबात सूट देणार नाही. पुढची चाकं रस्ता धरतील आणि मागची धरणार नाहीत; वळणावर पाय जरा ब्रेकवर गेला की गाडीचा मागचा भाग पुढे यायला बघेल. हायवेवरून बाहेर पडणाऱ्या गोल रॅम्पवर हेच होतं. शिवाय तुमच्या क्युबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत, आणि तेही चारही चाकांना.

पैसे वाचवायचे तर वापरलेला चारांचा सेट शोधा. टायरच्या कडेवर ‘डॉट’ (DOT) या अक्षरांपुढच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा, ते टायर कधी बनला ते सांगतात: 3821 म्हणजे 2021 चा अडतिसावा आठवडा. फार जुना टायर नक्षी शाबूत असली तरी कडक झालेला असतो. नक्षीची खोली 4 मिलिमीटरच्या खाली असेल तर घेऊ नका.

म्युनिकला राहतो. ऑल-सीझन टायर चालतात का? शनिवार-रविवारी ऑस्ट्रियात जाणं होतं.

1 ऑक्टोबर 2024 पासून जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर डोंगर-हिमकणाची खूणच ग्राह्य धरतात. ती असलेले ऑल-सीझन टायर कायदेशीर आहेत आणि शहरापुरते ठीकही आहेत. पण तुम्ही आल्प्सच्या घाटात जाणार असाल, तर खरे हिवाळी टायरच लावा. ऑस्ट्रियात 4 मिलिमीटरपेक्षा कमी नक्षीचा रेडियल टायर (आजच्या गाड्यांचा नेहमीचा टायर) हिवाळी टायर म्हणून धरत नाहीत.

पुण्याहून जानेवारीत थार घेऊन मनालीला जातोय. अटल बोगद्याच्या पलीकडे जायचंय. फोर बाय फोर आहे, मग टायरवर साखळ्या कशाला?

आधी आरसी बघा. 2023 पासून थार मागच्या दोनच चाकांवर चालणारीही मिळते. तुमची फोर बाय फोर असली तरी टायर पुण्याच्या रस्त्यासाठीचेच आहेत. सोलंगच्या पुढे सकाळी जो काळा, काचेसारखा बर्फ असतो, त्यावर असे चारही टायर एकदमच घसरतात. म्हणून साखळ्या हव्यातच. टू-व्हील थार असेल तर त्या मागच्या चाकांना लावा.

फोर-हाय (चारही चाकांना ताकद देणारा नेहमीच्या वेगाचा गिअर) फक्त बर्फावर किंवा ओल्या मातीवर लावा. त्यात पुढचे-मागचे शाफ्ट जखडले जातात, आणि कोरड्या डांबरावर वळताना सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर येतो. फोर बाय फोरचा खरा फायदा उतारावर होतो: खालचा गिअर टाकला की इंजिनाचा अडथळा चारही चाकांना वाटला जातो आणि ब्रेक फारसा दाबावा लागत नाही. साखळ्या लावल्यावर वेग ताशी 30 किलोमीटरच्या आत ठेवा.

आणि निघण्याआधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये साखळ्या एकदा लावून काढा, जाड हातमोजे घालून. मनालीच्या थंडीत पहिल्यांदा साखळ्यांची डबी उघडलीत, तर बोटं पाच मिनिटांत बधिर होतात आणि कडी हुकात जात नाही.