कोलंबियातल्या तुन्हा शहरात इंग्रजी शिकवायला जातेय. शनिवार-रविवारात राजधानी बोगोटा पाहून होतं का? मी शाकाहारी आहे.

होतं, आणि आवर्जून जा. तुन्हा ज्या बोयाका प्रांतात आहे, मी तिथेच शिकवत होते, त्यामुळे हा प्रवास चांगला ओळखीचा आहे. माझं सांगणं एवढंच, की शनिवारी जाऊन शनिवारी परतू नका. रविवारची सकाळ बोगोटात मिळालीच पाहिजे.

तुन्हाहून बसला तीनेक तास लागतात. शुक्रवारी संध्याकाळी बोगोटाची माणसं बाहेर पडत असतात तेव्हा आपण आत शिरतो, आणि रविवारी ती परतताना आपण निघतो. म्हणून कोंडीचा त्रास बराच वाचतो. वाटेत पुएन्ते दे बोयाका हा पूल लागतो. ७ ऑगस्ट १८१९ रोजी स्वातंत्र्यसेनानी सिमोन बोलिव्हारच्या सैन्याने स्पॅनिश सैन्याला हरवलं ते हेच ठिकाण. उतरायचं असेल तर उजेडात प्रवास करा. मुक्काम ला कान्देलारिया या जुन्या भागात सोयीचा, पण रात्री तिथल्या रिकाम्या गल्ल्यांतून फिरू नका आणि रस्त्यात मोबाइल हातात ठेवू नका.

शनिवारी सकाळी शहराला लागून असलेला मोन्सेर्राते डोंगर. माथा ३१५२ मीटरवर आहे. मुंबई-पुण्याहून थेट आलेल्याला तिथे धाप लागते, पण तुम्ही तोवर तुन्हाच्या २८०० मीटरला सरावलेल्या असाल. केबल कार किंवा फ्युनिक्युलर (दोराने ओढली जाणारी डोंगरी रेल्वे) घ्या. रविवारी तिथल्या देवळात भाविकांची प्रचंड रीघ लागते, शिवाय दुपारनंतर पाऊस येतो, म्हणून शनिवार सकाळच बरी. उतरल्यावर बोतेरो संग्रहालय पाहा, तिथे प्रवेश नेहमीच मोफत असतो. कोलंबियाचे चित्रकार-शिल्पकार फेर्नान्दो बोतेरो यांनी स्वतःच्या १२३ आणि इतर कलाकारांच्या ८५ कलाकृती देशाला देऊन टाकल्या, त्यातून २००० साली ते उभं राहिलं. त्यांची गुबगुबीत माणसं छापील चित्रात गमतीची वाटतात. समोर उभं राहिल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचा गंभीरपणा दिसतो.

आता रविवार. सकाळी सात ते दुपारी दोन या वेळात शहरातले शंभराहून अधिक किलोमीटरचे रस्ते मोटारींना बंद होतात. ही सिक्लोव्हिया १९७४ पासून चालू आहे. आजोबा, कुत्री, तीनचाकी सायकलवरची पोरं, सगळे रस्त्यावर! फळांचे रस विकणारे कडेला उभे असतात. सायकल नसली तरी कारेरा सेप्तिमा या मुख्य रस्त्यावरून नुसतं चालत जा. शहर आपल्या माणसांना इतक्या सढळपणे रस्ता मोकळा करून देतं, हे मला फार आवडतं. आपल्या शहरांत हे व्हावं असं मनापासून वाटतं.

तिथूनच सुवर्ण संग्रहालय गाठा. रविवारी तिकीट नसतं. इथल्या मूळ रहिवासी मुईस्का लोकांचा सोन्याचा छोटा तराफा तिथे आहे. एल दोरादोची, म्हणजे सोन्याने मढलेल्या राजाची दंतकथा ज्या विधीवरून निघाली, तो विधी त्यात दाखवलाय असं मानतात. स्पॅनिश लोक येण्याआधी तुन्हाच्या जागी हुन्सा होतं, मुईस्कांच्या दोन मोठ्या सत्ताकेंद्रांपैकी एक. दुसरं बाकाता, ज्यावरून बोगोटा हे नाव आलं. म्हणजे तुमचे विद्यार्थी ज्या मातीतले आहेत, तिचाच इतिहास त्या काचेमागे आहे. सोमवारी वर्गात त्या तराफ्याचं चित्र दाखवा आणि त्यांनाच इंग्रजीत समजावून सांगायला लावा. पाठ्यपुस्तकातल्या लंडनच्या बसपेक्षा कितीतरी जास्त बोलतात पोरं.

जेवणाचं म्हणाल तर उपाशी राहणार नाही. मात्र नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर ताटात कोंबडी येऊ शकते. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ (मांस, कोंबडी, मासे नकोत) असं तिन्ही सांगा. आहिआको या बटाट्याच्या सुपात कोंबडी असतेच, ते सोडा. अरेपा म्हणजे मक्याची जाड भाकरी, पाताकोनेस म्हणजे तळलेली कच्ची केळी, पेरूच्या वडीसोबत ताजं चीज, आणि थंडीत गरम चॉकलेटमध्ये चीजचे तुकडे बुडवून खाणं, हे सगळं मिळतं. पालोकेमाओ बाजारात लुलो, ग्रानादिया ही तिथली फळं आणि आपली रसभरी दिसेल, तिथे तिला उचुवा म्हणतात.

आणखी एक. कोलंबियात १९८३ च्या कायद्याने बऱ्याच सुट्ट्या सोमवारी आणल्या आहेत, त्यामुळे तीन दिवस सलग मिळतात. त्या सोमवारीही सिक्लोव्हिया असते, पण सुवर्ण संग्रहालय बंद असतं. ते रविवारीच उरका.